उचलून नेता येईल, पण हलणार नाही असं शूटिंग टेबल कोल्हापुरात कसं करून घ्यावं?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण मापं आणि अडचणी सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

आमच्या क्लबच्या ५० मीटर रेंजवर .२२ च्या रायफली चालतात. फायरिंग पॉइंटवर पत्र्याचं छप्पर आहे. खाली अर्ध्या भागात कोबा, अर्ध्या भागात मुरूम. कायमचं टेबल ठेवता येत नाही, कारण तीच जागा प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारणाऱ्यांच्या मॅटला लागते, आणि रात्री शेडला कुलूप नसतं. म्हणजे टेबल घरून न्यायचं आणि काम झालं की परत आणायचं. गाडी जुनी वॅगन आर. मागची सीट पाडली की सव्वा मीटरपर्यंतची फळी आत जाते.

टेबल दोन कामांसाठी हवंय. क्लबकडे सध्या गोळ्यांचे दोन वेगळे लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेला माल, आहेत. कुठल्या रायफलीत कुठला लॉट चांगला ग्रुप देतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ पाडतो, हे बघायचंय, आणि त्यात मारणाऱ्याच्या हाताचा गुण-दोष येऊ द्यायचा नाही. दुसरं म्हणजे नवी पोरं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हापासून राधानगरीकडची, भुदरगडकडची पोरं आमच्याकडे विचारायला येतात. पहिल्यांदा रायफल हातात घेणाऱ्याला ट्रिगर कसा दाबायचा हे बसून शिकवता आलं, तर त्याचं निम्मं दडपण जातं.

सध्या आम्ही केटरिंगवाले वापरतात तसलं घडीच्या पायांचं टेबल वापरतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि कोपर टेकवलं की नेम हलतो. श्वास सोडला तरी हलतो. पायाखाली विटा लावल्या, पाय दोरीनं आवळले, वर वाळूचं पोतं ठेवलं. फरक पडला, पण लॉट तपासण्याइतका नाही.

लाकूड घ्यावं की लोखंड? तीन पाय की चार? वजन असं हवं की एका माणसाला दोन फेऱ्यांत गाडीपासून पॉइंटपर्यंत नेता यावं. क्लबमध्ये एक मुलगी डावखुरी आहे, तिलाही बसता आलं पाहिजे. खर्च सहा-सात हजारांत बसावा. उद्यमनगरात ओळखीचा फॅब्रिकेटर आहे, "तुम्ही सांगा, मी करतो" म्हणतो. पण नेमकं काय सांगायचं तेच मला ठरवता येईना.

दहा_पूर्णांक_नऊ

टेबलाचं जाणकार सांगतील. मी मुलामुलींना रायफल शिकवते, तेव्हा टेबलावर काय करायचं त्याबद्दल लिहिते. टेबल कितीही चांगलं झालं तरी काम चुकीच्या पद्धतीनं केलं तर उत्तर चुकीचंच मिळणार.

लॉट तपासताना पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर निकाल देऊ नका. पाच गोळ्या नशिबानंही एकत्र पडतात. प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप घ्या आणि ते आलटून पालटून घ्या, म्हणजे वाऱ्याचा आणि उन्हाचा फरक एकाच लॉटच्या माथी बसणार नाही. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजणीत धरू नका. बॅरलमध्ये आधीच्या गोळीच्या मेणाचा आणि शिशाचा थर असतो, नवा थर बसू द्यावा लागतो. सकाळी लवकर मारा. आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठला की ५० मीटरवर .२२ ची गोळी तो सहज ढकलतो.

पुढची पिशवी नेहमी फोरएंडखाली, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, एकाच जागी. बॅरलला काहीही टेकता कामा नये. ही जागा दर वेळी बदलली तर ग्रुप फाकतो आणि दोष गोळ्यांना जातो.

टेबलावर लावलेलं झीरो, म्हणजे साइटचं सेटिंग, प्रोनला चालत नाही. हाताला अडकवलेल्या स्लिंगच्या पट्ट्याचा ताण आला, खांद्याचा दाब बदलला की पॉइंट ऑफ इम्पॅक्ट, म्हणजे गोळी लागते ती जागा, सरकतो. म्हणून टेबलावर लॉट निवडा, पण साइट पोझिशन घेऊनच लावा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची असते, गोळी ५.६ मिलिमीटरची. थोड्याशा सरकण्यानंही दहाचा नऊ होतो.

नव्या मुलांबद्दल माझं मत ठाम आहे. ट्रिगर, श्वास आणि गोळी सुटल्यावरही नेम धरून राहणं एवढं बसून शिकवा आणि त्यांना लवकर टेबलावरून उठवा. स्पर्धेत टेबल नसतं. स्वप्नीलचं पदक नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन आणि स्टँडिंग (उभं) या तीन पोझिशनचं. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते ५० मीटर प्रोनचं. टेबलाची सवय लागलेलं मूल पुढं उभं राहिल्यावर घाबरतं, हे मी पुष्कळदा बघितलंय.

आणि टेबल मांडताना, उचलताना फायरिंग लाइन पूर्ण बंद. सगळ्या रायफलींचे बोल्ट उघडे, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण), आणि टेबलापुढं माणूस असेपर्यंत रायफलीला कुणी हात लावायचा नाही. टेबल आलं की ते सरळ करण्यासाठी दोघं-तिघं पुढं जातात आणि नेमकी तेव्हाच शिस्त सुटते.

उद्यमनगर_पॅटर्न

मी रायफल मारत नाही. उभं आयुष्य फाउंड्रीचे पॅटर्न करण्यात गेलं, सागवानात आणि प्लायमध्ये. नातू १० मीटर एअर रायफल मारतो, त्याला सोडायला जातो तेव्हा रेंजवर बसून टेबलंच बघत असतो. तुमचा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच की टेबल वजनानं स्थिर होत नाही, सांध्यांनी होतं. तुम्ही पोतं ठेवून वजन वाढवलंत, पण घडीच्या पायाच्या रिव्हेटमध्ये जो प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे तो तिथंच राहिला. वजनानं तो एका बाजूला दाबून धरला, म्हणून थोडा फरक दिसला. कोपर टेकलं की दाब बदलतो आणि पाय त्या प्लेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.

हिशोब मांडून बघा. पुढची पिशवी आणि मागची पिशवी यांत ७० सेंटिमीटर अंतर धरू. मागचं टोक जागेवर राहिलं आणि पुढचं टोक एक दशांश मिलिमीटर उचललं गेलं, म्हणजे वहीच्या एका कागदाइतकं, तर ५० मीटरवर ते ७ मिलिमीटर होतं. ताईंनी दहाची रिंग १०.४ सांगितलीय. एक मिलिमीटर प्ले असेल तर ७१ मिलिमीटर. उलट अख्खं टेबल जसंच्या तसं एक दशांश बाजूला सरकलं, तर टार्गेटवरही एक दशांशच सरकतं, त्याचं काही वाटून घेऊ नका. कोन बदलतो तिथंच घात होतो. म्हणून टेबलाच्या प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा, याच्यामुळं रायफलीचा कोन बदलेल का?

पाय तीनच. तिवई कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन टोकं कशीही ठेवली तरी तिन्ही टेकतात. चार पायांत एक कायम अधांतरी असतो किंवा नुसता टेकलेला असतो, आणि तुमच्याकडे तर अर्धा कोबा, अर्धा मुरूम. पण तीन पायांचं टेबल कोपऱ्यावर रेललं तर कलतं, त्यासाठी फळीचा आकार पायांना धरून हवा. दोन पाय मागं, म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूला, जिथं कोपरांचा भार येतो. एक पाय पुढं मधोमध, पुढच्या पिशवीच्या खाली. फळी पुढं अरुंद, मागं रुंद. लांबी ११० सेंटिमीटर, मागची रुंदी ७५, पुढची ४५. गाडीत आरामात जाईल.

डावखुऱ्या मुलीसाठी मागच्या कडेला दोन्ही बाजूंनी खाच घ्या, २० सेंटिमीटर खोल, आणि मधे ३५ सेंटिमीटर रुंदीची जीभ ठेवा. उजवा माणूस डाव्या खाचेत छाती घालून बसेल, डावी मुलगी उजव्या खाचेत. मागची पिशवी आणि ट्रिगरच्या हाताचं कोपर जिभेवर येतं. खाचेच्या कडा गोल करा, पोरांच्या छातीला टोचायला नकोत.

पाय बाहेर फाकवायचे, १५ अंश. ७५ सेंटिमीटरचा पाय १५ अंशांत फाकवला की टोक सुमारे २० सेंटिमीटर बाहेर जातं. मागचे दोन पाय तिरके, म्हणजे मागं आणि बाहेर असे दोन्हीकडे फाकवा, म्हणजे जिभेवर भार आला तरी टेबल मागं कलणार नाही. बसणाऱ्याच्या पायाला ते थोडे अडतील. तेवढं सोसावं.

आता फळी. टिंबर मार्केटमध्ये १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय मागा, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. आपल्या आषाढात साधा कमर्शियल प्लाय कडेनं फुगतो आणि एकदा फुगला की स्क्रू धरत नाही. ४ बाय ४ फुटांचा तुकडा वरच्या फळीला आणि फासळ्यांना मिळून पुरतो. पुष्कळ जण सांगतील, दोन फळ्या चिकटवून ३६ मिलिमीटर करा. तसं करू नका. तेवढ्याच वजनात त्याहून कितीतरी ताठ काम होतं. वर १८ ची एक फळी, तिच्याखाली त्याच प्लायच्या ६० मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या उभ्या लावायच्या, कडेनं सगळीकडून आणि मधे आडव्या-उभ्या. पट्टीची उंची दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, पट्टीची नुसती जाडी वाढवून तो हिशोब कधीच जमत नाही. या फासळ्यांच्या खालून ६ मिलिमीटरचा प्लाय चिकटवून डबा बंद करायचा.

ही खालची पातळ फळी वगळू नका. सुतार म्हणेल, "कशाला, दिसत तरी नाही." नुसत्या फासळ्यांची फळी वाकायला ताठ असते, पण पिळायला सैल असते. एका कोपऱ्यावर कोपर टेकलं की ती पिळते आणि रायफलीचा कोन बदलतो. डबा बंद झाला की पीळ जातो. फेविकॉल भरपूर लावा, शिकंजे आवळून रात्रभर ठेवा, आणि सपाट जमिनीवरच ठेवा. डबा ज्या आकारात वाळतो तोच आकार कायमचा राहतो. पाय बसणार त्या तिन्ही जागी आत भरीव ठोकळा घाला, नाहीतर बोल्ट आवळताना डबा दबेल. तयार डबा १४-१५ किलोच्या आसपास जाईल.

पाय ४० बाय ४० चे २ मिलिमीटर जाडीचे चौकोनी एमएस (साध्या पोलादाचे) पाईप. मीटरला २.४ किलोच्या जवळपास भरतो, म्हणजे तीन पाय मिळून साडेपाच किलो. एका फेरीत फळी, दुसऱ्या फेरीत पाय आणि पिशव्या.

आता खरा भाग, पाय फळीला जोडायचा कसा. फॅब्रिकेटर तुम्हाला पाईपात पाईप घालून देईल आणि आडवं भोक पाडून पिन मारेल. त्याला तसं करू देऊ नका. पाईपात पाईप सरकायचा तर मधे फट हवीच, आणि ती फट म्हणजेच प्ले. त्याऐवजी ५० बाय ५० चा ५ मिलिमीटरचा अँगल घ्या, १५० मिलिमीटर लांब. एक टोक १५ अंशांत कापून १२० बाय १२० च्या ६ मिलिमीटर प्लेटवर वेल्ड करा. चौकोनी पाईप अँगलच्या आतल्या कोपऱ्यात बसतो, व्ही-ब्लॉकच्या खाचेत दांडा बसतो तसा. अँगलच्या उघड्या बाजूवर, पाईपाच्या बाहेरच्या कोपऱ्याला मोकळा वळसा घालतील अशा वाकवलेल्या दोन पट्ट्या वेल्ड करायच्या, एक वर आणि एक खाली, प्रत्येकीत एम १० चा नट. त्यातून बोल्ट आवळला की तो पाईपाला कोपऱ्यात दाबून धरतो. पाईप दोन बाजूंना पूर्ण टेकतो, फट कुठं राहतच नाही. बोल्टच्या टोकाखाली अँगलचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर पाईपाचा कोपरा चेपेल. पाईपाचं वरचं टोकही १५ अंशांत कापून प्लेटला भिडवा. बोल्टला हातानं फिरवायची मूठ लावा, रेंजवर पाना शोधत बसायला नको.

वेल्डिंग करताना आधी टॅक, म्हणजे ठिपक्याठिपक्यानं जोड, मारायचं, मग पाईप आत आवळून ठेवून पूर्ण वेल्ड करायचं. मोकळा अँगल वेल्ड केला तर उष्णतेनं ओढला जातो आणि पाईप एकाच कडेला टेकतो. प्रत्येक पायावर आणि त्याच्या खोबणीवर पंचानं खूण करा, १ चा पाय १ मध्येच.

पायाच्या खालच्या टोकाला टोकदार केलेला एम १२ चा बोल्ट आणि लॉकनट. एक पूर्ण फेरा म्हणजे १.७५ मिलिमीटर, त्यामुळं लेव्हल बारीक लावता येते. कोब्यावर टोक तसंच टेकवा. मुरुमावर १०० मिलिमीटरची गोल ६ ची प्लेट ठेवा, मधे ड्रिलनं डोळा मारलेला, टोक त्या डोळ्यात. रबराचे बूट अजिबात नकोत. रबर दबतं आणि हळूहळू दबत राहतं.

स्टूल वेगळं. टेबलाला बाक जोडून घेऊ नका, बसलेल्याची हालचाल थेट रायफलीला जाते. टार्गेटवरची भोकं बघायचा स्पॉटिंग स्कोपही टेबलावर नको, त्याचा ट्रायपॉड बाजूला.

शिरोली_फिटर

काकांचं सगळं पटलं, पण लाकूड कशाला? वर ६ एमएमची प्लेट, खाली ५० च्या पाईपची फ्रेम, चार पाय, एका पायाला ॲडजस्टिंग बोल्ट. आमच्या शॉपमध्ये मापं तपासायचं सरफेस टेबल असंच उभं आहे, वर्षानुवर्षं हललेलं नाही. प्लायमध्ये बोल्ट आवळून आवळून भोक मोठं होतं आणि पुन्हा प्ले सुरू होतो. हा मुद्दा तुम्ही सोडलात.

उद्यमनगर_पॅटर्न

भोकाचा मुद्दा बरोबर आहे. फॅब्रिकेटरला सांगताना हे घालाच: अँगलच्या प्लेटचे चार एम ८ बोल्ट ठोकळ्यातून आरपार, आणि वरच्या बाजूलाही ३ मिलिमीटरची प्लेट फळीत बसवून घ्यायची. म्हणजे बोल्ट लोखंडाला लोखंड आवळतो, प्लाय फक्त मधे दाबला जातो. हे बोल्ट एकदा आवळले की पुन्हा सोडायचेच नाहीत. रोज सुटतात ते फक्त पायाचे दाबबोल्ट, आणि ते लोखंडावर लोखंड आहेत.

सरफेस टेबल शॉपमध्ये कायमचं उभं असतं, तिथं चार पाय एकदा लेव्हल केले की झालं. इथं दर खेपेला नवी जागा. आणि ६ ची प्लेट चौरस मीटरला ४७ किलो. ११० बाय ७५ ची प्लेटच ३८-३९ किलो झाली, फ्रेम वेगळी. ती वॅगन आरमधून एकट्यानं कोण काढणार? शिवाय पत्रा-प्लेटला टिचकी मारली की ती वाजत राहते, प्लायचा डबा लगेच गप्प होतो.

इचलकरंजी_कॅनव्हास

पिशव्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टेबल ताठ झालं आणि पिशवी लिबलिबीत राहिली तर केलेलं फुकट.

आमच्याकडे जाड सुती कॅनव्हास मिळतं, ताडपत्रीच्या वजनाचं. दुहेरी शिवून घ्या, शिवण आत. वाळू बारीक चाळून, धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ओली वाळू भरली तर कापड कुजतं आणि पिशवी एका बाजूला दगडासारखी बसते. आत प्लास्टिकची पिशवी घालून मग भरा. तांदूळ, गहू भरू नका, किडे होतात आणि उंदीर येतात. वाळू लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणजे तीन लिटरची पिशवी जवळपास पाच किलोची. पुढची तेवढी जड हवीच. ठोकून ठोकून भरा, बोटानं दाबलं तर खळगा पडता कामा नये.

मागच्या पिशवीला वर दोन उभे कान हवेत, रायफलीचा स्टॉक (दस्ता) त्यांच्या मधे बसतो. ते कान चामड्याचे करा. चप्पल लाईनीत चामड्याची शिलाई करणारे आहेत, त्यांना नमुना काढून दाखवलात तर करून देतील. तळव्याचं कडक चामडं नको, बकऱ्याचं मऊ चामडं मागा. वरून थोडी टाल्कम पावडर चोळा. गोळी सुटल्यावर रायफल मागं येते तेव्हा ती दर वेळी सारखीच घसरली पाहिजे, चिकटली की ग्रुप उभा ताणला जातो.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं पूर्ण लिखाण प्रिंट काढून फॅब्रिकेटरला दाखवलं. अँगलच्या खोबणीची आयडिया त्याला फार आवडली, पाईपात पाईपच करणार होता. फळी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे दिलीय.

ताई, आलटून पालटून ग्रुप घेण्याचं आणि झीरोचं तुमचं म्हणणं क्लबच्या फळ्यावर लिहून ठेवलंय. टेबल मांडताना लाइन बंद, हा नियमही त्याच्याखाली.

आता दोन शंका. टेबल तयार झाल्यावर ते खरंच पुरेसं ताठ आहे का हे गोळी न मारता कसं तपासायचं? गोळ्या महाग आहेत, टेबल तपासण्यात घालवायच्या नाहीत. आणि प्लायला पॉलिश कुठलं करू?

उद्यमनगर_पॅटर्न

तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, फ्लॅग आत. क्लबमध्ये टेलिस्कोप लावायची सोय असलेली एखादी रायफल असेल तर ती घ्या, टेलिस्कोप उसना आणा. रायफल पिशव्यांवर ठेवून क्रॉसवायर दहाच्या मधोमध आणा आणि रायफलीला हात न लावता मागं बसा. आता दुसऱ्या कुणाला तरी सांगा, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर कोपर टेकव, मग उजव्या, मग जिभेवर. तुम्ही फक्त टेलिस्कोपमधून बघत राहा.

क्रॉसवायर दहाच्या रिंगच्या आत राहिली पाहिजे आणि कोपर उचललं की मूळ जागी परत आली पाहिजे. हलून परत आली तर फळी किंवा पाय लवतायत, हे थोडं चालतं, कारण मारताना कोपर एकाच जागी असतं. हलून परत आलीच नाही, तर कुठंतरी सांधा सरकतोय. मग एकेक पायाचा बोल्ट आवळून पुन्हा तीच तपासणी, दोषी पाय लगेच सापडतो. तिन्ही आवळूनही जमलं नाही तर जमिनीकडे बघा. मुरुमात प्लेट बसत असते, त्यामुळं टेबल मांडल्यावर प्रत्येक कोपऱ्यावर अंगाचा जोर देऊन प्लेटा आधी बसवून घ्यायच्या, लेव्हल त्यानंतर लावायची.

पॉलिशला पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, तीन हात, आणि निम्मी मेहनत कडांवर आणि बोल्टच्या भोकांत करा, पाणी तिथून शिरतं. आम्ही पॅटर्नला लाखेचं पॉलिश करायचो, पण ते पावसाला पांढरं पडतं, तुमच्या कामाला नको. वरच्या बाजूला सनमाईका लावू नका, पिशव्या घसरतील. पीयू वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं वरची चमक मारून टाका.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

समजलं. एकच राहिलं. फॅब्रिकेटरकडे ५० चा ५ एमएम अँगल शिल्लक नाही, ३ एमएमचा आहे, त्यात करू का विचारतोय.

उद्यमनगर_पॅटर्न

नको. ३ चा अँगल दाबबोल्ट आवळला की उघडतो, आणि पाईप दोन बाजूंऐवजी दोन कडांवर बसतो. सगळं मिळून अर्धा मीटर अँगल लागतो, तेवढा तुकडा उद्यमनगरात कुठल्याही स्क्रॅपवाल्याकडे मिळेल. घेताना आतला कोपरा गुण्या लावून बघा, गंजलेला चालेल पण वाकडा नको. वेल्डिंगआधी आतून ग्राइंडर मारून घ्या. रंग फक्त बाहेरून द्या, पाईप टेकतो त्या आतल्या दोन बाजूंना रंग नको, तिथं ग्रीसचा पातळ हात पुरतो.